शहरासाठी इमारतींची माहिती साठवायला आयएफसी वापरावं की सिटीजीएमएल?

दोन्ही इमारतींची माहिती साठवायचे खुले फाइल फॉरमॅट, कुठल्या एका कंपनीच्या सॉफ्टवेअरला न बांधलेले, पण मुळात हे दोन एकमेकांच्या जागी येतच नाहीत. एका इमारतीच्या आतलं सगळं, भिंत कशाची, खिडकी कुठली, डक्ट कुठून गेलाय, हे आयएफसीचं काम. अख्ख्या शहराच्या इमारती, त्यांची उंची, छपरं, रस्ते हे सिटीजीएमएलचं, ते २००८ पासून ओजीसीचं, म्हणजे नकाशा-माहितीची स्टँडर्ड ठरवणाऱ्या संस्थेचं, स्टँडर्ड आहे. फाइली फार जड होत असतील तर सिटीजेसन बघा, ते सिटीजीएमएलचंच हलकं रूप. पण तुम्ही शेवटी जे विचारलंय ना, की सगळ्यांनी एकच सॉफ्टवेअर घेतलं तर ही स्टँडर्डची कटकट कशाला, ते वाचून राहवलं नाही.

हेच वाक्य मी पंधराएक वर्षांपूर्वी आमच्या साहेबांकडून ऐकलंय. एका मोठ्या ऑफिस बिल्डिंगचं हँडओव्हर होतं आणि मी हट्ट धरला की मूळ मॉडेलसोबत आयएफसी पण देऊया, तर म्हणाले, "कोण उघडणार आहे ती? पीडीएफ दिल्यात ना, बास झालं." मी रात्री थांबून एक्स्पोर्ट मारला आणि फोल्डरमध्ये टाकून दिला.

पुढे त्याच बिल्डिंगचं एनर्जी रेट्रोफिट निघालं, म्हणजे बाहेरून इन्सुलेशन, काचा बदलायच्या, आणि हिशोब माझ्याकडेच आला. तोवर मूळ मॉडेल ज्यात केलं ते सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनीच बंद केलेलं, मूळ फाइल कशातच उघडेना. आयएफसी मात्र उघडली. ती साधी टेक्स्ट फाइल असते, नोटपॅडमध्ये पण दिसते, हॅश आणि नंबरने सुरू होणाऱ्या ओळीच ओळी. भिंती, मजले, खिडक्या सगळं जागच्या जागी. खरं सांगतो, ऊर भरून आला.

मग भिंतींच्या प्रॉपर्टीज बघितल्या. भिंत बाहेरची आहे का, यासाठी "इज एक्स्टर्नल" असा रकाना असतो. ३४० भिंती आणि सगळ्यांपुढे दोन टिंबांच्या मधे एफ, म्हणजे नाही. त्या फाइलच्या मते बिल्डिंगला बाहेरची भिंतच नव्हती! यू-व्हॅल्यू, म्हणजे भिंतीतून किती उष्णता आरपार जाते तो आकडा, तो तर एकाही भिंतीला नाही. प्रिंटआउट आणि पिवळा हायलायटर घेऊन चार दिवस मजल्या-मजल्यावर फिरलो आणि एकेक भिंत रंगवली. साहेबांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "बघ, तुझं स्टँडर्ड अर्धवटच."

नाही साहेब, रकाना स्टँडर्डमध्ये होता, आपण भरला नाही. आपण म्हणजे मीच, डिफॉल्ट सेटिंगवर एक्स्पोर्ट मारला आणि उघडून बघितलं नाही. पण उरलं ते आयएफसीमुळेच उरलं, "एकच सॉफ्टवेअर" आधी गेलं. इमारत पन्नास वर्षं उभी राहते, एवढं कुठलं सॉफ्टवेअर टिकतं ते दाखवा मला.

त्यामुळे कॉन्ट्रॅक्टमध्ये नुसतं "आयएफसी द्यावी" असं लिहू नका, त्याला काही अर्थ नाही. कुठल्या घटकाला कुठली माहिती हवी ते लिहा. आता त्यासाठी आयएफसी बनवणाऱ्या बिल्डिंगस्मार्ट या संस्थेचं आयडीएस नावाचं स्टँडर्ड आहे, २०२४ मध्ये त्याचं १.० आलं, मागणी कॉम्प्युटरला वाचता येईल अशी लिहायची आणि आलेली फाइल त्याच्याशी आपोआप ताडून बघायची. हे तेव्हा असतं तर माझे चार दिवस वाचले असते. आयएफसीचं व्हर्जन पण लिहा, कारण २x३, ४ आणि ४.३ यात फरक आहे, रस्ते-रेल्वे हवे असतील तर ४.३ च.

आणि हो, आयएफसी परत आत घेऊन त्यावर पुढचं डिझाइन करायला जाल तर त्रास होईल, म्हणून मूळ फाइल पण मागूनच घ्या. आयएफसीवरून सिटीजीएमएल करताना पण बरंच गाळावं लागतं, एका बटणात होत नाही. फाइल हातात आली की पेमेंट सोडायच्या आधी दुसऱ्याच कंपनीच्या व्ह्यूअरमध्ये उघडा आणि बाहेरच्या चार भिंतींवर क्लिक करून बघा.