बीएम-८०० चा 'स' का टोचतो?

तुमचा प्रश्न असा: घरी कथावाचन करता, बीएम-८०० या स्वस्त माइकमध्ये 'स' आणि 'च' कानात टोचतात, मागे सतत सरसर येते, आणि मित्राकडून मिळालेला मोठ्या कॅप्सूलचा (कॅप्सूल म्हणजे आवाज टिपणारा भाग) दुसरा माइकही तसाच कर्कश वाजतो. दोन्हींतले कपॅसिटर बदलले तर सुधारेल का?

कपॅसिटर सगळ्यात शेवटी. या दोन माइकांचं दुखणं वेगवेगळं आहे आणि दोन्हींत ते कपॅसिटरच्या दर्जात नाही. मी पहिली दोन-तीन वर्षं मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून महागडे फिल्म कपॅसिटर आणून लावत होतो. फरक आहे असं मनाला वाटायचं, पण डोळे झाकून आधीचं आणि नंतरचं रेकॉर्डिंग ओळखता यायचं नाही.

आधी सरसर माइकची आहे का ते बघा. बीएम-८०० सोबत आलेल्या वायरने तो थेट कॉम्प्युटरच्या ३.५ मिलिमीटरच्या सॉकेटात लावला असेल, तर बरीचशी सरसर साउंड कार्डची असते. ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा (माइकला वायरीतूनच मिळणारी वीज) असलेला इंटरफेस, म्हणजे माइक कॉम्प्युटरला जोडणारी पेटी, आणि तीन पिनांची एक्सएलआर वायर वापरा. मग एका सुट्या एक्सएलआर प्लगच्या २ आणि ३ नंबरच्या पिनांमध्ये १५० ओहमचा रेझिस्टर सोल्डर करा, फँटम बंद ठेवा, प्लग माइकच्या जागी लावा आणि गेन नेहमीइतकाच ठेवून ऐका. सरसर तेवढीच आली तर माइक उघडण्यात अर्थ नाही.

आता बीएम-८००. बाहेरून जाळी मोठ्या स्टुडिओ माइकसारखी, पण आत बहुतेक वेळा बोटाच्या पेराएवढी इलेक्ट्रेट कॅप्सूल असते. इलेक्ट्रेट म्हणजे हलकं, असं मात्र समजू नका. सेसलर आणि वेस्ट यांनी १९६२ मध्ये बेल लॅब्जमध्ये शोधलेलं हे तंत्र उत्तम मोजमापाच्या माइकांतही वापरतात. अडचण आकाराची आहे. कॅप्सूल लहान की सिग्नल लहान, आणि सर्किटचा आवाज त्याच्या तुलनेत वर येतो. म्हणून इथे कॅप्सूल बदलणं हाच खरा उपाय.

यात एक फसगत ठरलेली. लोक ३४ मिलिमीटरची, न्यूमन या जर्मन कंपनीच्या के ६७ धाटणीची कॅप्सूल मागवतात, जुन्या बोर्डाला जोडतात आणि काहीच ऐकू येत नाही. इलेक्ट्रेटमध्ये विद्युतभार कायमचा साठवलेला असतो; या मोठ्या कॅप्सूलला मात्र बाहेरून ४८ ते ६० व्होल्ट द्यावे लागतात. साध्या बीएम-८०० च्या बोर्डावर ती सोयच नसते. म्हणजे बोर्डही बदलायचं, आणि मग मूळ माइकची फक्त नळी उरते. तेही करण्यासारखं काम आहे, पण पहिल्याच प्रयोगात नको. तुम्ही २५ मिलिमीटरची इलेक्ट्रेट कॅप्सूल घ्या. एफईटी (कॅप्सूलचा नाजूक सिग्नल पहिल्यांदा झेलणारा ट्रान्झिस्टर) कॅप्सूलच्या आत आहे की बोर्डावर, ते जुन्या आणि नव्या दोन्हींत तपासूनच मागवा.

तुमचा दुसरा माइक मला जास्त आवडला, कारण तो थोडक्यात सुधारण्यासारखा आहे. न्यूमनने १९६० मध्ये यू ६७ हा माइक काढला तेव्हा त्याच्या के ६७ कॅप्सूलमध्ये ८ ते १० किलोहर्ट्झच्या आसपास मुद्दाम उंचवटा ठेवला आणि तेवढीच वरची पट्टी अँप्लिफायरमध्ये फीडबॅकने खाली आणली. यामुळे एकूण आवाज सपाट राहतो आणि अँप्लिफायरची सरसरही दबते. १९६७ च्या यू ८७ मध्येही हीच जोडी आहे. पुढे स्वस्त माइकांत या कॅप्सूलच्या नकला आल्या, पण त्यांच्यामागे बहुतेक वेळा शूप्स या दुसऱ्या जर्मन कंपनीच्या धाटणीचं सपाट सर्किट लागलं. कॅप्सूल वर चढवते आणि सर्किट काही उतरवत नाही. तुम्हाला टोचतो तो हा न उतरवलेला चढ. आपल्या मराठीत तो जास्तच लागतो, कारण 'चमचा', 'चाक', 'जसा' यांतले दंततालव्य च-ज त्याच पट्टीत फुटतात.

उपाय एक लहान कपॅसिटर नव्याने टाकण्याचा आहे, असलेले बदलण्याचा नाही. शूप्स धाटणीच्या बोर्डावर एक एफईटी असतो; त्याच्या ड्रेन आणि सोर्स या दोन पायांना साधारण २.२ किलोओहमचे सारखेच रेझिस्टर असतात आणि तिथून दोन कपॅसिटर दोन ट्रान्झिस्टरांकडे जातात. त्या ड्रेन आणि सोर्सच्या मधे फिल्म कपॅसिटर टाकायचा. एफईटीचा ट्रान्सकंडक्टन्स (गेटच्या व्होल्टमागे प्रवाह किती बदलतो ते माप) ३ मिलिसीमेन्स धरला तर २२ नॅनोफॅरडने १० किलोहर्ट्झ साधारण २ डीबी खाली येतं, ३३ नॅनोफॅरडने साधारण ४ डीबी. एफईटी वेगळा असला की हे आकडे हलतात, म्हणून १० नॅनोफॅरडपासून सुरुवात करा आणि दर वेळी एकच वाक्य रेकॉर्ड करा. माझं वाक्य आहे, 'साचलेल्या चिखलात चार चाकं फसली.' 'स' मऊ झाला पण शब्द अजून स्पष्ट आहेत, तिथे थांबा. पुढे गेलात तर आवाज घोंगडीखालून आल्यासारखा होतो आणि ऐकणारा लवकर थकतो.

फँटम बंद करून मिनिटभर थांबल्याशिवाय बोर्डाला हात लावू नका. कॅप्सूलच्या पडद्याला बोट तर नाहीच, धूळ दिसली तरी फुंकर मारू नका. तो काही मायक्रॉन जाडीचा सोन्याचा मुलामा दिलेला प्लास्टिक पडदा आहे. थुंकीचा एक थेंबही त्याला पुरे.

आणखी एक गोष्ट, जी मला फार उशिरा कळली. रत्नागिरीला एका पावसाळ्यात माझा माइक चरचरायला लागला. मी एफईटी बदलला, दोन कपॅसिटर बदलले, चरचर तशीच. शेवटी लक्षात आलं की एफईटीच्या गेट या तिसऱ्या पायापाशी माझ्याच सोल्डरिंगचा फ्लक्स (चिकट राळ) राहिला होता आणि तो हवेतली ओल धरत होता. तिथला रेझिस्टर १ गिगाओहमचा असतो. त्याच्यापुढे बोटाचा ठसासुद्धा वायरचं काम करतो, आणि विद्युतभार गळायला लागला की चरचर येते. ९९ टक्क्यांच्या आयसोप्रोपाइल अल्कोहोलने, मऊ ब्रशने तो भाग धुतला, दिवसभर वाळवला, आणि माइक शांत झाला. कॅप्सूलला अल्कोहोल लावू नका, फक्त बोर्डाला. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर जूनपासून माइक सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बंद डब्यातच ठेवा.

जाळीबद्दल: आतली बारीक जाळी काढली की आवाज थोडा मोकळा होतो, पण 'प' आणि 'भ' चे झोत वाढतात. पॉप फिल्टर असेल तरच काढा, आणि बाहेरची जाळी अर्थला जोडलेली राहिली पाहिजे, नाहीतर गुणगुण येईल. नळीवर टिचकी मारल्यावर 'टण्ण' वाजत असेल तर आतून फेल्टचा तुकडा चिकटवा.

हे सगळं करण्याआधी आज रात्री एकदा माइक तोंडासमोरून १५-२० अंश वळवून, वीतभर अंतरावरून वाचून बघा. 'स' चा बराचसा झोत बाजूने निघून जाईल. तरीही टोचत असेल तर दुसऱ्या माइकच्या बोर्डाचे दोन्ही बाजूंचे फोटो टाका, एफईटीवरचा नंबर वाचता येईल असे. ड्रेन-सोर्स कुठे आहेत ते मी खुणा करून देतो.