बुशमिल्स १६ ही सोळा वर्षांची आयरिश व्हिस्की भेट मिळाली आहे. त्यातली बर्बन, शेरी आणि पोर्ट वेगवेगळी कशी ओळखायची? पाणी घालावं की बर्फ?

ओळखायला जाऊच नका. बर्बन ही अमेरिकन व्हिस्की, शेरी स्पेनची वाइन, पोर्ट पोर्तुगालची; त्यांच्या वापरलेल्या पिंपांत ही मुरते, एवढंच. बाटलीवर तीन पिंपांची नावं आहेत म्हणून जिभेवर तिघांची हजेरी लागलीच पाहिजे, हा हट्ट मी आमच्या साडूभाऊंकडून इतका ऐकलाय की तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही.

साडूभाऊ जुने स्कॉचवाले. "आयरिश व्हिस्की कॉफीत घालायची, ग्लासात स्कॉचच" या पंथाचे. मी ड्यूटी-फ्रीमधून हीच सोळा वर्षांची बाटली आणली, गच्चीवर बसलो, तर यांनी बूच काढायच्या आधी लेबल वाचायला घेतलं. १६०८ दिसल्यावर "चारशे वर्षांची कंपनी!" म्हणून जरा खूशही झाले. मी म्हटलं, अहो, ते इंग्लंडच्या राजा जेम्सने थॉमस फिलिप्स नावाच्या माणसाला उत्तर आयर्लंडच्या त्या मुलखात दारू गाळायचा परवाना दिला त्याचं साल. कंपनीची नोंद १७८४ ची. झालं, तिथूनच बिनसलं.

पहिला घोट घेतला तोही लसणाच्या चिवड्याची मूठ तोंडात टाकून. आणि लगेच निकाल: "यात पोर्ट कुठाय? फसवलं तुला."

त्यांचं पोर्ट म्हणजे गोव्याहून परतताना डिकीत टाकून आणायची ती स्वस्त, गोड, लाल बाटली. ते शोधत होते ती चव. मुळात पोर्तुगालच्या डोरो खोऱ्यातलं पोर्टच निराळं. आणि इथे तर तेही व्हिस्कीत ओतत नाहीत. पोर्ट मुरलेल्या लाकडात व्हिस्की शेवटचे काही महिने ठेवतात, एवढंच. त्याआधी पंधरा वर्षांच्या वर ती बर्बनच्या आणि ओलोरोसो जातीच्या शेरीच्या पिंपांत काढून आलेली असते. बर्बनचं पिंप साधारण २०० लिटरचं, पोर्टचं ५५० च्या आसपास. म्हणजे लाकडाचा स्पर्श त्या मानाने कमी आणि वेळही थोडा. पुरणपोळीवर शेवटी सोडलेल्या तुपाइतकं ते काम. पुरण बिघडलेलं असेल तर तूप काही करत नाही आणि चांगलं असेल तर तूप वेगळं काढून दाखवता येत नाही.

हे सांगितल्यावर साडूभाऊंनी दुसरा मुद्दा काढला: "तीनदा गाळलेली, म्हणजे जीवच काढून घेतलेला." बुशमिल्स तीनदा गाळतात, खरं आहे. पण त्यामुळे दारू हलकी होते आणि पिंपांची चव तिच्यावर जास्त उघड दिसते. मग त्या सोळा वर्षांना अर्थ येतो. आणि आयरिश म्हणजे तीनदा गाळलेलीच असा कायदा नाही. कॉनेमारा नावाची व्हिस्की आयरिशच, सिंगल माल्टच (म्हणजे एकाच भट्टीतली, फक्त मोड आणलेल्या सातूची), पण दोनदा गाळलेली, वर पीटच्या, म्हणजे दलदलीतल्या मातकट इंधनाच्या, धुराची. हे मी त्या रात्री सांगितलं तेव्हा साडूभाऊ सोडा ओतत होते.

तर तुमचं उत्तर. बर्फ नको, थंडीने वास मरतो आणि यातला निम्मा मामला वासाचा आहे. पाणी चार थेंब, तेही अर्धा ग्लास संपल्यावर. ही आधीच ४० टक्के अल्कोहोलवर आणलेली आहे, आणखी पातळ केलीत तर राहील काय? ग्लास तोंडाशी निमुळता घ्या, ओतल्यावर दहा मिनिटं हात लावू नका, मग नाक आत न खुपसता वरून वास घ्या. व्हॅनिला आला तर तो बर्बनचा. खारीक, काळ्या मनुका, अक्रोड हे शेरीचं. शेवटी घशाशी लाल फळांच्या जॅमसारखं काही रेंगाळलं तर म्हणा पोर्ट. नाही रेंगाळलं तरी बाटली खोटी नाही. चकणा हवाच असेल तर खारे नसलेले बदाम. चिवडा नको. हे मी कोणाला उद्देशून म्हणतोय ते घरचे ओळखतील.

साडूभाऊंच्या बाजूने एक-दोन गोष्टी सांगायला हव्यात. ४० ऐवजी ४६ टक्क्यांवर भरली असती तर मलाही जास्त आवडली असती. रंगावर जाऊ नका, आयरिश व्हिस्कीत कॅरॅमल घालायला परवानगी आहे. आणि वय मोठं दिसलं की भुलूही नका. १९७० च्या दशकात अख्ख्या आयर्लंड बेटावर मिडलटन आणि बुशमिल्स एवढ्या दोनच भट्ट्या उरल्या होत्या, त्यामुळे जुना माल मोजक्या ठिकाणचाच. टीलिंग या आयरिश कंपनीच्या २४ वर्षांच्या सिंगल माल्टने २०१९ मध्ये जगातली सर्वोत्तम सिंगल माल्ट म्हणून बक्षीस घेतलं, पण डब्लिनमधली त्यांची भट्टी २०१५ ची. हिशेब करा. माल आधी दुसरीकडे गाळलेला, नंतर सोटर्न या गोड वाइनच्या पिंपात मुरवलेला. त्यात लपवण्यासारखं काही नाही, दारू उत्तमच. फक्त लेबलावरचं नाव आणि आतली दारू एकाच घरची असते असं समजू नका.

औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा, हे वर लिहायला हवं होतं.

आणि तुमच्याकडेही कोणी "स्कॉच ती स्कॉच" म्हणणारं असेल तर विचारा, स्कॉच कशात मुरते? तीही बहुतेक बर्बनच्या आणि शेरीच्याच पिंपांत. आमच्या साडूभाऊंच्या कपाटात हल्ली पोर्ट फिनिशची, म्हणजे शेवटी पोर्टच्या पिंपात ठेवलेली, एक स्कॉच आहे, स्वतः विकत आणलेली. त्यात पोर्ट लागतं म्हणे.