जुन्या अँड्रॉइड अ‍ॅपमधलं आरएक्सजावा १ काढून ३ वर न्यायचंय, एकदम करू की हळूहळू?

हळूहळू करा, आणि चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी रिलीज अजिबात करू नका.

तुमचं अ‍ॅप डिस्ट्रिब्युटरच्या सेल्समन लोकांसाठी आहे, ब्लूटूथ प्रिंटरवर बिल छापतं, सगळं जावामध्ये लिहिलेलं, आरएक्सजावा १ वर (एकामागून एक येणारा डेटा स्ट्रीम म्हणून हाताळायची लायब्ररी), क्लायंटला चवथीच्या आधी नवीन हवंय, आणि तुम्ही विचारताय की एका फटक्यात ३ वर जाऊ की थोडं थोडं, की त्यापेक्षा सरळ कोरूटीनच (कॉटलिन भाषेतली अशाच कामाची सोय) का नको. मी गोव्यात पर्वरीला एका छोट्या कंपनीत अँड्रॉइडचं काम करतो, आणि म्हापशापासून काणकोणपर्यंत दुकानं फिरणाऱ्या सेल्समनचं असंच एक अ‍ॅप आम्ही १ वरून ३ वर नेलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक गोष्ट, २ वर थांबू नका. १ चा सपोर्ट ३१ मार्च २०१८ ला संपला, २ चा २८ फेब्रुवारी २०२१ ला, त्यामुळे मधल्या स्टेशनवर उतरण्यात काही अर्थ नाही. आणि एकदम करायची गरजच नाही कारण लायब्ररीवाल्यांनी हे मुद्दाम सोपं करून ठेवलंय, १ चं पॅकेज नुसतं आरएक्स आहे आणि ३ चं आयओ.रिअ‍ॅक्टिव्हएक्स.आरएक्सजावा३, ग्रेडलमधलं (बिल्ड करणाऱ्या टूलमधलं) नावही वेगळं, म्हणजे दोन्ही एकाच अ‍ॅपमध्ये गुण्यागोविंदाने राहतात. रेट्रोफिटमध्येसुद्धा (सर्व्हरला रिक्वेस्ट पाठवणारी लायब्ररी) दोन्ही कॉल अ‍ॅडॅप्टर एकाच वेळी लावता येतात (३ चा अ‍ॅडॅप्टर रेट्रोफिट २.९.० पासून आहे, आधी ते व्हर्जन बघा), मेथडचा रिटर्न टाइप बघून रेट्रोफिट आपोआप योग्य तो निवडतं. तेव्हा एक एक स्क्रीन घ्या, त्या स्क्रीनला लागणारे एपीआय ३ वर न्या, टेस्ट करा, पुढे चला.

नावं बदलण्याचं काम कंटाळवाणं आहे पण अवघड नाही. सबस्क्रिप्शनचं डिस्पोजेबल, अनसबस्क्राइबचं डिस्पोज, फंक१ चं फंक्शन, अ‍ॅक्शन१ चं कन्झ्युमर, हे सगळं कंपायलर लाल करून दाखवतो, दाखवेल तसं बदलत जायचं. मला काळजी आहे ती जे लाल होत नाही त्याची. कोड कंपाइल होतो, ऑफिसच्या वायफायवर मस्त चालतो आणि दुकानात जाऊन पडतो, खरं काम तिथे आहे.

सगळ्यात पहिलं म्हणजे नल, म्हणजे जिथे किंमतच नाही ती रिकामी जागा. १ मध्ये स्ट्रीममधून नल गेला तरी चालायचं, २ पासून ते पूर्ण बंद आहे, ३ मध्येही बंदच. आता सेल्समनच्या अ‍ॅपमध्ये हे कुठे येतं बघा, मॅपमध्ये (स्ट्रीममधली प्रत्येक गोष्ट बदलून पुढे देणारी पायरी) दुकानाचा जीएसटी नंबर काढला, शहरातल्या मोठ्या दुकानाला नंबर असतो, पण वाळपईच्या पुढे आत गावात गेलात तर छोट्या गाड्यावाल्याकडे जीएसटी नंबर नसतोच, तिथे मॅप नल परत करतो, १ मध्ये बिलावर जागा रिकामी दिसायची आणि ३ मध्ये तिथेच नल पॉइंटर एक्सेप्शन येऊन अख्खी स्ट्रीम बंद, म्हणजे त्या एका गाड्यामुळे पुढची सगळी दुकानंही लिस्टमध्ये येत नाहीत. तसंच सर्व्हर जिथे नुसतं ओके म्हणून रिकामी बॉडी पाठवतो तिथे पूर्वी ऑब्झर्वेबल ऑफ व्हॉइड लिहायची पद्धत होती, ते सगळं कम्प्लीटेबल करा (डेटा न देता नुसतं काम झालं की फेल गेलं एवढंच सांगणारा प्रकार). रिटर्न नल असं सर्च करा, पण तेवढ्यावर थांबू नका, प्रत्येक मॅप आणि फ्लॅटमॅप डोळ्यांनी वाचा, दुसरा उपाय नाही.

दुसरी गोष्ट तुमच्या अ‍ॅपला हमखास लागणार कारण तुम्ही ब्लूटूथ प्रिंटरचा उल्लेख केलाय. सेल्समन दुकानात बिल छापायला बटण दाबतो, प्रिंटर बॅगेत बंद पडलेला असतो, कनेक्ट काही सेकंद अडकून राहतो, तेवढ्यात दुकानदार म्हणतो राहू दे रे नंतर दे, तो बॅक दाबून बाहेर येतो, स्क्रीन बंद होताना तुम्ही डिस्पोज करता. मग मागून कनेक्ट फेल होतं आणि आयओ एक्सेप्शन येतं, पण ते ऐकायला कोणीच उरलेलं नसतं. १ मध्ये असा एरर गुपचूप गिळला जायचा. २ आणि ३ मध्ये तो अनडिलिव्हरेबल एक्सेप्शन म्हणून आरएक्सजावाप्लगिन्सकडे जातो आणि तिथे तुम्ही काही लावलं नसेल तर अ‍ॅप क्रॅश, तेही सेल्समन दुसऱ्याच स्क्रीनवर असताना, त्यामुळे क्रॅश रिपोर्ट वाचून कशाने झालं ते पटकन कळतही नाही.

उपाय म्हणजे अ‍ॅप्लिकेशन क्लासच्या ऑनक्रिएटमध्ये सेटएररहँडलर लावायचा. पण रिकामा हँडलर लावून सगळेच एरर गिळू नका, हे मी कळकळीने सांगतोय, बरेच जण तसंच करतात. सबस्क्राइब करताना ज्यांनी ऑनएरर दिलेलं नाही त्यांचे एररही त्याच हँडलरकडे येतात, म्हणजे ऑर्डर सेव्ह झाली नाही तरी कोणाला पत्ता लागणार नाही आणि सेल्समनला वाटेल गेली. आतलं मूळ कारण काढा, अनडिलिव्हरेबलच्या आत आयओ एक्सेप्शन किंवा इंटरप्टेड असेल तर नुसता लॉग करा, नल पॉइंटर, इलीगल आर्ग्युमेंट वगैरे आपल्या कोडचे बग असतील तर क्रॅश होऊ द्या. टेस्टिंगला प्रिंटर बंद ठेवून बिल छापा आणि बॅक दाबा, मग एअरप्लेन मोड टाकून प्रत्येक स्क्रीनवर तेच करा. आमच्याकडे हे असंच टेस्टिंगमध्ये सापडलं.

तिसरं, रेट्रोफिटचा ३ चा अ‍ॅडॅप्टर नुसत्या क्रिएटने बनवला तर रिक्वेस्ट असिंक्रोनस जातात, आधीच्या अ‍ॅडॅप्टरमध्ये सिंक्रोनस जायच्या. सेल्समन दिवसभर सत्तरी तालुक्यात फिरून रेंजमध्ये आला की साठलेल्या ऑर्डरी एकदम सुटतात ना, तिथे हे जाणवतं, कारण असिंक्रोनसमध्ये ओकेएचटीटीपी (रेट्रोफिटच्या खालची नेटवर्क लायब्ररी) एका होस्टला डिफॉल्टने एका वेळी ५ च रिक्वेस्ट पाठवतं, आणि उत्तर आल्यावर पुढचं डेटाबेसमध्ये लिहिण्याचं काम त्याच थ्रेडवर केलंत तर ती जागा तेवढा वेळ अडून राहते. एकतर मध्ये ऑब्झर्वऑन टाकून ते काम दुसऱ्या थ्रेडवर न्या किंवा सरळ क्रिएटसिंक्रोनस वापरा, मी सुरुवातीला दुसरंच सुचवेन म्हणजे वागणूक जुनीच राहते आणि एका वेळी एकच गोष्ट बदलते.

जीपीएसची स्ट्रीम असेल तर ती फ्लोएबलमध्ये टाका, ३ च्या ऑब्झर्वेबलला बॅकप्रेशर (डेटा झेपेल त्यापेक्षा वेगाने आला तर आवरायची सोय) नाही, रांग मेमरीत वाढत राहते.

कोरूटीनचं म्हणाल तर चांगलीच आहेत, पण तुमचं सगळं अ‍ॅप जावामध्ये आहे, म्हणजे कोरूटीन म्हणजे आधी कॉटलिन, एका वेळी भाषा आणि लायब्ररी दोन्ही बदलायचं मी तरी तुम्हाला सांगणार नाही. आधी ३ वर या. ३ आणि कोरूटीन जोडायला कॉटलिनच्या टीमचीच लायब्ररी आहे, नवीन स्क्रीन कॉटलिनमध्ये लिहायला लागलात की तिथून पुढे जाता येईल.

आता क्लायंटचं. चवथीच्या आधीचे आठवडे हे डिस्ट्रिब्युटरचे वर्षातले सगळ्यात धावपळीचे, बाजार भरलेला, सेल्समनला जेवायला वेळ नाही, तेव्हा बिल अडकलं तर शिव्या त्या पोराला बसतात, तुम्हाला नाही. क्लायंटला स्पष्ट सांगा की चवथीनंतर देतो आणि चांगलं करून देतो. देताना प्ले कन्सोलवरून आधी थोड्या टक्क्यांना द्या, गडबड दिसली तर तिथेच थांबवता येतं, पण ज्याच्या फोनवर गेलं ते स्टोअरवरून मागे आणता येत नाही, दुरुस्ती पुढच्या नंबरचं व्हर्जन म्हणूनच जाते. बरेच सेल्समन घरी वायफाय मिळाल्यावरच अपडेट करतात, म्हणून सर्व्हरने जुन्या अ‍ॅपच्या रिक्वेस्ट काही दिवस तरी घेत राहायला हव्यात.

सगळ्या स्क्रीन झाल्यावर १ ची ओळ ग्रेडलमधून काढा आणि डिपेंडन्सी रिपोर्ट चालवून बघा, लोकेशनची किंवा परमिशनची एखादी जुनी लायब्ररी १ ला आतून ओढत असते. रिपोर्टमध्ये तसं काही दिसलं तर लायब्ररीचं नाव कमेंटमध्ये टाका, तिला पर्याय काय ते बघून सांगतो.