'तुला कशाला पाहिजे गं ती लस?'

प्रश्न: ताई, मी 21 वर्षांची, गाव तुळजापूरजवळ, पुण्यात हॉस्टेलला राहते. कॉलेजात गर्भाशयमुखाचा कॅन्सर टाळणाऱ्या एचपीव्ही लसीवर लेक्चर झालं, मी घ्यायची म्हटलं तर रूमवर सगळ्या हसायला लागल्या, 'तुला कशाला पाहिजे गं, तुझं काही चालूये का?' आई म्हणते लग्न झाल्यावर बघू, आत्ता कुणाला कळलं तर काय वाटेल. मला बॉयफ्रेंड वगैरे कोणी नाही. मग थांबू का? आणि त्याने पुढे मूल होत नाही म्हणतात ते खरंय का?

उत्तर: अगं, कोणी नाहीये ना, मग हीच खरी वेळ आहे. एचपीव्ही हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो, ही लस शिरलेला विषाणू बाहेर काढत नाही, तो शिरण्याआधी घेतली तर जास्त उपयोग, म्हणून तर 9 ते 14 वर्षांच्या मुलींना दोन डोसांत देतात. तुला तीन लागतील, आज, आजपासून दोन महिन्यांनी आणि आजपासून सहा महिन्यांनी. पुण्याच्या सिरम कंपनीची सर्व्हाव्हॅक ही एचपीव्ही लस 2023 पासून मिळते, एका डोसला साधारण 2000 रुपये, दंड थोडा दुखतो, कुणाला चक्कर येते म्हणून टोचल्यावर पंधरा मिनिटं बसून राहायचं. मूल न होण्याचं म्हणशील तर जगभरात कोट्यवधी डोस देऊन झालेत, तसा काही पुरावा सापडलेला नाही.

आणि चारित्र्याचा इथे संबंधच नाही गं. एचपीव्ही आयुष्यात कधीतरी बहुतेकांना होतो, वर्ष-दोन वर्षांत शरीरच तो घालवतं आणि कळतही नाही, काहींच्यात मात्र तो ठाण मांडून बसतो आणि मग त्यातून कॅन्सर होऊ शकतो. नवऱ्याशिवाय कुणाला न ओळखणाऱ्या बाईलाही होतो. माझ्याकडे एक मावशी आल्या होत्या, पाळी जाऊन तीन वर्षं झालेली आणि पुन्हा अंगावरून लाल जात होतं, आठ महिने अंगावर काढलं, सांगताना पदर तोंडावर धरलेला. शेजारी लेक बसलेली, तुझ्याच वयाची. तिच्या लसीचा विषय मी काढायच्या आतच त्या म्हणाल्या, 'हिला आजच द्या.'

तुझ्या आईची मात्र गर्भाशयमुखाची तपासणी करून घे, तिशीनंतर ती लागतेच, लस घेतलेल्यांनाही. तुमच्याच जिल्ह्यात, तेव्हाच्या उस्मानाबादेत, 1 लाख 30 हजारांवर बायकांचा अभ्यास झाला होता, 2009 साली निकाल आला, ज्या गटात एकदाच एचपीव्ही टेस्ट केली तिथे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने जाणाऱ्या बायका जवळजवळ निम्म्या झाल्या. हे आईला फोनवर नको, सुट्टीत घरी गेलीस की शांतपणे सांग.

प्रश्न: मी मुलगा, वय 23. आम्हाला गर्भाशयच नाही, मग आमचा काय संबंध?

उत्तर: आहे ना रे. याच विषाणूने पुरुषांना घशाचा, गुदद्वाराचा, लिंगाचा कॅन्सर होऊ शकतो, शिवाय त्या जागेवर चामखीळ येतात ते वेगळंच. तुझ्याकडून उद्या बायकोला जातो तेही आहेच. सर्व्हाव्हॅक मुलांनाही 26 पर्यंत चालते, म्हणजे तुझ्याकडे अजून तीन वर्षं आहेत, पण त्यासाठी थांबू नकोस, याच महिन्यात डॉक्टरांना विचार.