समुद्राखाली तेल किती आहे, हे न पाहता कसं सांगतात?

उरणला समुद्रातल्या मुंबई हाय तेलक्षेत्राचं तेल येतं, पण खाली किती आहे हा आकडा कुठून काढतात, असं तुम्ही विचारलंय. एकच आकडा नसतोच. विहिरी मोजक्या, त्यामुळे तेल असलेल्या खडकाचा विस्तार, जाडी, सच्छिद्रता (म्हणजे खडकात बारीक पोकळ जागा किती टक्के), सगळ्यातच अंदाज. सच्छिद्रता १५ टक्क्यांऐवजी २० धरली तरी तेल एक तृतीयांशाने वाढतं! म्हणून प्रत्येक गोष्टीची शक्य रेंज देऊन कॉम्प्युटरकडून हजारो वेळा या सगळ्यांचा गुणाकार करून घेतात. त्या उत्तरांतून पी९०, पी५०, पी१० निघतात. इथे लोक हमखास फसतात. पी९० हा लहान आकडा: निदान एवढं तरी असण्याची शक्यता ९० टक्के. पी५० मधला, आणि पी१० मोठा: तेवढं असण्याची शक्यता फक्त १० टक्के. बातमीत घसघशीत आकडा दिसला, की तो पी कितीचा ते आधी बघा. आणि असलेलं सगळं वर येत नाही. बरेचदा निम्म्याहून जास्त खडकातच राहतं.