'समान' कोड की 'सामाईक' कोड?

विचारणा अशी: एका मोठ्या सॉफ्टवेअरची मार्गदर्शिका मराठीत आणताना 'शेअर्ड कोड'साठी कुणी 'समान कोड' लिहिलं, कुणी 'सामाईक', कुणी 'सामयिक'. बरोबर काय?

'सामाईक'. 'सामयिक' इथे बादच, त्याचं नातं 'समय'शी. 'सामायिक' हे रूपही रुळलेलं आहे, पण जैन साधनेतलं 'सामायिक' वेगळं असल्यामुळे मी आपला 'सामाईक'च लिहितो.

'समान' मात्र नुसता चुकीचा शब्द म्हणून सोडून देता येत नाही. समान म्हणजे सारखं. सामाईक म्हणजे अनेकांचं मिळून एकच. दोन घरांच्या भिंती समान असतात तेव्हा भिंती दोन असतात. सामाईक भिंत एकच, आणि तिच्यात खिळा ठोकायचा तर पलीकडच्याला विचारावं लागतं.

कोडमध्ये नेमका इथेच घोळ होतो. वापरकर्त्याचं नाव 30 अक्षरांच्या आत आहे ना, हे एक फंक्शन (ठरलेलं एक काम करणारा कोडचा तुकडा) तपासतं. फाइलच्या नावासाठी दुसरं फंक्शन तेच करतं. ओळी हुबेहूब. कुणीतरी उत्साहाने दोन्हींचं एक करतं. मग फाइलची मर्यादा 100 करायची वेळ येते आणि माणसांची नावंही लांबतात! तो कोड समान होता, सामाईक नव्हता. अँड्र्यू हंट आणि डेव्हिड थॉमस यांनी 1999 मध्ये मांडलेला 'ड्राय' ('डोन्ट रिपीट युवरसेल्फ', म्हणजे पुनरुक्ती टाळा) नियम लोक 'सारख्या ओळी दिसल्या की एकत्र करा' असा वाचतात. त्यांचा रोख ओळींवर नव्हता, एकच माहिती दोन ठिकाणी नोंदवली जाण्यावर होता.

तिसरा शब्द 'सार्वजनिक'. सामाईक म्हणजे ठरावीक जणांचं, सार्वजनिक म्हणजे कुणाचंही. गो या प्रोग्रामिंग भाषेने हा फरक कोडमधून प्रोग्राम बांधणाऱ्या (बिल्ड करणाऱ्या) आपल्या साधनालाच शिकवलाय: 'इंटर्नल' नावाच्या फोल्डरमधला कोड त्या फोल्डरच्या पालक-फोल्डरखालीच वापरता येतो, बाहेरून आयात केला तर बिल्ड होत नाही.

मग सामाईक कोड ठेवायचा कुठे? याला शाळेतला लसावि आठवावा, लघुतम सामाईक विभाज्य. 24 ला 4 आणि 6 दोघांनीही भाग जातो, तरी उत्तर 12. तसंच, ज्यांना तो कोड लागतो त्या सगळ्यांना पोटात घेणारा सर्वांत लहान फोल्डर शोधायचा. रक्कम पूर्णांकात आणणारं फंक्शन बीजक आणि परतावा या दोघांनाच लागत असेल, तर त्याची जागा बिलिंगच्या फोल्डरमध्ये. प्रकल्पाच्या माथ्यावरच्या 'कॉमन'मध्ये नव्हे. त्या 'कॉमन'ची अडगळीची खोली होते याचा थोडा दोष मी शब्दालाच देईन (हे माझं मत): साधारण, सारखं, सामाईक हे तिन्ही अर्थ इंग्रजीने त्या एका शब्दात कोंबलेत, त्यामुळे काहीही आत टाकलं तरी नावाला शोभतं.

तेव्हा मार्गदर्शिकेतून 'समान' पुसून टाकू नका. 'समान कोड सामाईक कधी करावा' असं एका प्रकरणाचं शीर्षकच करा.