चाचणी लिहिण्याआधी

प्रिय डॉक्टर,

कोणत्या तक्रारीला कोणत्या चाचण्या लिहायच्या, याचा तक्ता करून द्या, असं तू लिहिलं आहेस. तक्ता देत नाही. तो हाताशी असला की तू पेशंटकडे कमी आणि तक्त्याकडे जास्त पाहशील. एकच रिपोर्ट दोन माणसांत दोन वेगळ्या गोष्टी सांगतो, आणि कोणत्या माणसात काय सांगतो हे रिपोर्ट येण्याआधीच्या तुझ्या विचारावर ठरतं.

पोटदुखीचंच घे. 'पोट दुखतं' एवढ्यावर सोनोग्राफी लिहिता येते. पण दुखणं आधी बेंबीभोवती होतं, नेमकं बोट ठेवता येत नव्हतं, काही तासांनी ते उजवीकडे खाली सरकलं आणि उलटी दुखायला लागल्यानंतर झाली, एवढं विचारून घेतलंस तर अपेंडिक्सचा संशय आधीच बळावतो. सुरुवातीला अपेंडिक्सकडून येणारी वेदना मेंदूला बेंबीच्या पातळीवरची वाटते. सूज पोटाच्या आतल्या अस्तराला भिडली की मग पेशंट जागा अचूक दाखवतो. हे डोक्यात असेल तर 'अपेंडिक्स दिसलं नाही' असा रिपोर्ट वाचून तू त्याला घरी पाठवणार नाहीस. दिसलं नाही आणि ठीक आहे, यांत फार अंतर आहे.

1975 मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये एक छोटा अभ्यास आला होता. ओपीडीतल्या 80 नव्या पेशंटांपैकी 66 जणांत हिस्टरीवरून, म्हणजे पेशंटला विचारून मिळालेल्या माहितीवरून, बांधलेलं निदानच शेवटी कायम राहिलं. अंगतपासणी 7 जणांत आणि प्रयोगशाळा आणखी 7 जणांत निर्णायक ठरली. तेव्हा आजच्यासारखी स्कॅन यंत्रं नव्हती, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे आज लावू नकोस. हिस्टरीचं वजन मात्र तेवढंच आहे. आणि विचारताना नीट विचार. 'औषधं चालू आहेत का?' म्हटलं की अनेक जण बेधडक 'नाही' म्हणतात, कारण दुकानातून स्वतः आणलेली वेदनाशामक गोळी त्यांच्या लेखी औषध नसतेच. एकेक प्रकार नाव घेऊन विचार.

तपासणीबद्दल फार लिहीत नाही, ती हाताने शिकायची गोष्ट आहे. तरी श्वास मोजत जा, पूर्ण एक मिनिट, नाडी धरल्याचं निमित्त करून, म्हणजे पेशंट सावध होत नाही. प्रकृती ढासळू लागली की बऱ्याचदा सगळ्यात आधी हाच आकडा वाढतो, आणि केसपेपरवर न मोजता लिहिला जाणाराही हाच. अख्ख्या वॉर्डाचा श्वास मिनिटाला 18 कसा काय असतो, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. छातीवर ठोकून पाहण्याची रीत लिओपोल्ड औएनब्रुगर यांनी 1761 मध्ये मांडली आणि कित्येक दशकं ती फारशी कुणी मनावर घेतली नाही. आता यंत्रांच्या भरवशावर ती पुन्हा मागे पडते आहे. पण एका बाजूला श्वासाचा आवाज नाही, ठोकल्यावर नाद पोकळ येतो, धाप लागली आहे आणि रक्तदाब घसरतो आहे, अशा पेशंटला एक्स-रेला पाठवायला वेळ नसतो. छातीत कोंडलेली हवा आधी सोडावी लागते. तिथे निदान करणारी फक्त तूच असतेस.

आता आकड्यांकडे ये, कारण गफलत इथेच जास्त होते. समज, एखादा आजार हजारात एकाला आहे. चाचणी उत्तम आहे: आजारी असलेल्या 100 पैकी 99 जणांना पकडते आणि निरोगी 100 पैकी 99 जणांना मोकळं सोडते. लक्षणं न पाहता एक लाख लोकांना ती लावली. आजारी 100 जण, त्यांतले 99 पॉझिटिव्ह. निरोगी 99,900, त्यांतले 999 जणही पॉझिटिव्ह. म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्या 1,098 जणांत खरे आजारी फक्त 99, जेमतेम नऊ टक्के. हीच चाचणी, जिथे हिस्टरी आणि तपासणीवरून दोघांत एकाला आजार असण्याची शक्यता आहे अशा पेशंटांत केलीस, तर पॉझिटिव्ह आलेल्या शंभरांतले 99 जण खरोखर आजारी निघतील. किट तेच, प्रयोगशाळा तीच.

'नॉर्मल' रेंजचंही तसंच. ती बहुधा निरोगी लोकांतल्या मधल्या 95 टक्क्यांवरून काढलेली असते, म्हणजे निरोगी माणसांतही वीसात एक जण तिच्याबाहेर पडणार. एकमेकांशी संबंध नसलेल्या वीस चाचण्या एकदम लिहिल्यास, तर धडधाकट माणसाचा एखादा तरी आकडा ठळक अक्षरांत छापून येण्याची शक्यता 64 टक्के. मग त्या आकड्याच्या मागे दुसरी चाचणी, तिच्या मागे तिसरी, आणि पेशंटची झोप उडते ती वेगळीच.

वेळही पाहावी लागते. हार्ट अटॅकमध्ये ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात उतरणारं प्रथिन, वाढायला काही तास जातात. छातीत दुखू लागल्यावर तासाभरात आलेल्या माणसाचं पहिलं ट्रोपोनिन आणि पहिला इसीजी दोन्ही नॉर्मल असू शकतात. म्हणून ते पुन्हा करायचं आणि आकडा चढतो आहे का ते पाहायचं. माणूसही पाहावा लागतो: तांबड्या पेशी लवकर फुटत असतील तर एचबीए1सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेची चाचणी, साखर आहे त्यापेक्षा कमी दाखवते.

तेव्हा फॉर्मवर खूण करण्याआधी स्वतःला विचार: पॉझिटिव्ह आली तर मी काय करीन, निगेटिव्ह आली तर काय? दोन्ही वेळी तेच करणार असशील तर ती चाचणी लिहू नकोस. सीनियर विचारतील म्हणून लिहिली जाते, हे मला ठाऊक आहे. विचारू देत, तुझ्याकडे सांगण्यासारखं कारण असेल.

आणि एवढं सगळं करून पहिल्या दिवशी निदान होणार नाही, असे पेशंट तुला रोज भेटतील. त्यांना 'काही नाही, रिपोर्ट नॉर्मल आहेत' एवढंच म्हणून पाठवू नकोस. अजून नाव देता येत नाही, पण अमुक धोक्याचे आजार असण्याची शक्यता आता फार कमी आहे, असं सरळ सांग. ताप आला, उलटीत रक्त दिसलं, दुखण्याने झोपमोड होऊ लागली, तर रात्री असो की पहाटे, लगेच यायचं, हे कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दे. सोबतच्या नातेवाइकालाही वाचून दाखव आणि पुन्हा कधी तपासणार ती तारीख त्याच कागदावर घाल.

तुझा,
जुना शिक्षक